अज्ञानाच्या कोनाड्यातला देव

उपवासकाळातील एका रविवारी मिस्सा आटोपून लोक बाहेर पडत असता चर्चच्या फाटकाशी एक चार पानी पत्रक वाटले गेले. आमच्या हाती ते दुपारी आले, आणि तेही एका विद्यार्थिनीकडून. ही मुलगी महाविद्यालयात जीवशास्त्र शिकते आणि रविवारी लहान मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. पत्रक टेबलावर ठेवून तिने एवढेच विचारले, ‘‘फादर, हे खरे असेल तर मी कॉलेजात खोटे शिकते आहे. आणि हे खोटे असेल, तर आपल्या चर्चच्या दारात ते का वाटले जाते?’’

या प्रश्नाला उत्तर देणे आम्हांला भाग आहे. कोणाच्या तरी दारात उभे राहून आमच्याच मुलांना ‘विज्ञान की विश्वास’ असा कौल मागितला जात असेल, तर त्या दाराच्या राखणदाराने गप्प बसणे हा नम्रपणा नव्हे. ती कर्तव्यातील कुचराई आहे.

पत्रक कोणी छापले याची चर्चा आम्ही करणार नाही. आमचे भांडण माणसांशी नाही, युक्तिवादाशी आहे. तो युक्तिवाद असा : सृष्टीत एका पेशीचे जीव आहेत आणि अनेक पेशींचे देह आहेत. पहिल्यापासून दुसरे झाले असे शास्त्रज्ञ सांगतात. पण तसे होताना कोणी पाहिले आहे काय? ज्या अर्थी पाहिलेले नाही, त्या अर्थी प्रत्येक देह परमेश्वराने एका क्षणात, संपूर्ण निर्दोष असा घडवला. शेवटच्या पानावर निष्कर्ष दिला आहे. निर्दोष देहात रोग शिरतो तो माणसाच्या पापामुळे, आणि विश्वास दृढ असला की बिघडलेल्या पेशी पुन्हा ताळ्यावर येतात.

वाचकहो, या तीन पायऱ्या आहेत. आमच्या मते पहिली खोटी आहे, दुसरी दुबळी आहे आणि तिसरी क्रूर आहे. एकेक पाहू.

‘कोणी पाहिले आहे काय?’ होय, पाहिले आहे. नाताळात आणि लग्नकार्यात आमच्या घरांतून फुग्यांचे पीठ ज्या यीस्टने फुगते, ते यीस्ट एकपेशीय आहे. त्याच्या पेशीला अंकुर फुटतो, अंकुर वाढून सुटा होतो आणि मायलेकी आपापल्या वाटेने जातात. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात विल्यम रॅटक्लिफ, मायकेल ट्रॅव्हिसानो व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे यीस्ट दहा वेगवेगळ्या भांड्यांत वाढवले. त्यांनी केले ते इतकेच : रोज तो द्रव काही वेळ स्थिर ठेवायचा आणि तळाशी जे लवकर बसेल तेवढेच उचलून नव्या खाद्यद्रवात सोडायचे. एकटी पेशी सावकाश बसते. पुंजका झटकन बसतो. साठ दिवसांत दहाही भांड्यांत पुंजक्यांनी ठाण मांडले. हे संशोधन २०१२ साली प्रसिद्ध झाले.

हे पुंजके भटक्या पेशी एकमेकींना चिकटून झालेले नव्हते. अंकुर फुटल्यावर लेक आईपासून सुटेनाशी झाली, तिची लेक तिच्यापासून सुटेनाशी झाली, आणि बर्फाच्या कणासारखी फांद्याफांद्यांची आकृती उभी राहिली. पुढे शोध घेता, या न सुटण्यामागे एका जनुकातील बिघाड असल्याचे आढळले. पुंजका फार वाढला की ताणाने त्याची एखादी फांदी मोडते आणि त्या फांदीपासून नवा पुंजका वाढतो. म्हणजे वाढणे आणि प्रजा निर्माण करणे ही कामे आता पुंजका करू लागला.

हा प्रयोग तेथेच थांबला नाही. प्राणवायूशिवाय वाढवलेल्या वाणांत सहाशे वेळा अशी निवड झाल्यावर पुंजके मूळच्यापेक्षा सुमारे वीस हजार पटींनी मोठे झाले आणि नुसत्या डोळ्यांना दिसू लागले. आरंभी ते जिलेटिनपेक्षाही ठिसूळ होते. शेवटी त्यांचा चिवटपणा सुमारे दहा हजार पटींनी वाढून लाकडाच्या तोडीचा झाला. हा वृत्तांत २०२३ साली प्रसिद्ध झाला.

यावर दोन आक्षेप येतील, आणि ते टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पहिला आक्षेप असा की, निवड तर माणसाने केली! खरे आहे. पण माणसाने केवळ परिस्थिती ठरवली. पुंजका कसा बांधावा हे त्याने यीस्टला शिकवले नाही. जड असण्याला लाभ आहे एवढेच त्याने ठरवले. बाकीचे यीस्टच्या अंगच्या बदलांनी केले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो शास्त्रज्ञांनीच घेतला होता. यीस्टचे प्राचीन पूर्वज बहुपेशीय असण्याचा संभव आहे; मग हा नवा शोध कशावरून? जुनीच सवय आठवली नसेल कशावरून?

त्याचे उत्तर दुसऱ्या एका प्रयोगाने दिले. क्लॅमिडोमोनास नावाचे एक हिरवे एकपेशीय शैवाल आहे. त्याच्या वंशात बहुपेशीय पूर्वज कधी नव्हते. मॅथ्यू हेरन व सहकाऱ्यांनी त्याच्या पाच वसाहतींत पॅरामेशियम हा शिकारी जीव सोडला. पॅरामेशियम एकट्या पेशीला गिळू शकते. मोठा घोळका त्याच्या तोंडात मावत नाही. पन्नास आठवड्यांनी पाचांपैकी दोन वसाहतींत बहुपेशीय आकृती दिसू लागल्या. जेथे शिकारी नव्हता तेथे एकही दिसली नाही. येथे कोणी तळ उपसला नव्हता. भय होते, भूक होती, आणि एकत्र राहणाऱ्याचा जीव वाचत होता. हे २०१९ साली प्रसिद्ध झाले.

प्रयोगशाळा सोडून निसर्गात आलो तर याच शैवालाचे भाऊबंद गोड्या, साचलेल्या पाण्यात, म्हणजे आमच्या बावखलांसारख्या ठिकाणी, राहतात. त्यांची जणू एक शिडीच आहे. गोनियममध्ये आठ-सोळा पेशी एकत्र असतात. युडोरिनात बहुधा बत्तीस. आणि व्हॉल्व्हॉक्सच्या एका जातीत सुमारे दोन हजार लहान पेशींचा पोकळ गोल असतो, त्याच्या आत सुमारे सोळा मोठ्या पेशी असतात. लहान पेशी शेपट्या हलवून गोलाला पोहवतात. मोठ्या पेशी विभागून पुढची पिढी घडवतात. या कामवाटपाला कारण आहे. या शैवालांच्या पेशीला पोहणे आणि विभागणे ही दोन्ही कामे फार काळ एकदम साधत नाहीत. सगळ्याच पेशी विभागू लागल्या तर गोल बुडेल आणि उजेडाला मुकेल. म्हणून काहींनी वल्हवायचे आणि काहींनी वंश चालवायचा. पिल्ले बाहेर पडली की वल्हवणाऱ्या पेशी मरून जातात.

एवढ्या मोठ्या बदलासाठी किती नवी जनुके लागली असतील? व्हॉल्व्हॉक्सचा संपूर्ण जनुकसंच २०१० साली वाचला गेला, तेव्हा त्यात आणि एकपेशीय क्लॅमिडोमोनासमध्ये प्रत्येकी सुमारे साडेचौदा हजार जनुके आढळली. फरक मुख्यतः जुन्या जनुकांच्या नव्या उपयोगाचा होता. प्राण्यांच्या बाबतीतही तेच. आमच्या सर्वांत जवळचे एकपेशीय नातलग म्हणजे कोअनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म जीव. त्यांपैकी एकाचा जनुकसंच २००८ साली प्रसिद्ध झाला. आमच्या देहात पेशींना पेशी जोडणारी कॅडहेरिन नावाची जी प्रथिने आहेत, त्यांच्या घराण्यातील जनुके त्या एकट्या राहणाऱ्या जीवात आधीच होती. घर बांधण्यापूर्वीच विटा अंगणात पडलेल्या होत्या.

यीस्टच्या पुंजक्यापासून हत्तीपर्यंतची वाट लांब आहे, हे आम्ही नाकारत नाही. जीवसृष्टी किमान साडेतीन अब्ज वर्षांची आहे. कॅनडाच्या आर्क्टिक भागात सापडलेले बॅन्जिओमॉर्फा हे बहुपेशीय तांबडे शैवाल सुमारे १०५ कोटी वर्षांपूर्वीचे आहे. मोठ्या प्राण्यांचे ठसे त्यानंतर कितीतरी काळाने, साठ कोटी वर्षांच्या अलीकडे दिसतात. वनस्पती, प्राणी, बुरशी, तपकिरी शैवाले यांनी हा पल्ला स्वतंत्रपणे गाठला. अभ्यासकांच्या मते असे निदान पंचवीस वेळा घडले असावे. जी गोष्ट पुनःपुन्हा घडली, तिला अशक्य म्हणणे म्हणजे डोळे मिटून दुपारला रात्र म्हणणे होय.

आता दुसरी पायरी. समजा, यांपैकी एकही प्रयोग झाला नसता, तरी ‘आम्हांला कळत नाही, म्हणून तेथे देव आहे’ हा युक्तिवाद बरा ठरला असता काय? मुळीच नाही. या युक्तिवादाने देवाला अज्ञानाच्या कोनाड्यात बसवले जाते. मग कोणी दिवा घेऊन आला की कोनाडा उजळतो, आणि भक्त घाबरून मूर्ती उचलून पुढच्या अंधाऱ्या कोनाड्याकडे धावतो. ज्या देवाला आमच्या अडाणीपणाचा आसरा लागतो, तो आकाश व पृथ्वीचा उत्पन्नकर्ता कसा? आमची श्रद्धा सांगते की, जे आहे त्या सर्वाच्या अस्तित्वाचे मूळ परमेश्वर आहे. जे कळले त्याचेही, आणि जे कळायचे आहे त्याचेही. पेशीला पेशी कशी जडली हे कळल्याने त्याचे राज्य इंचभरही आक्रसत नाही.

हे आमचे घरचे नवे तत्त्वज्ञान नव्हे. संत ऑगस्टीन यांनी उत्पत्तीच्या पुस्तकावर भाष्य करताना सोळाशे वर्षांपूर्वीच बजावले आहे की, सृष्टीविषयी जाणकारांना ठाऊक असलेल्या गोष्टींबद्दल ख्रिस्ती माणसाने धर्मग्रंथाच्या नावाखाली अज्ञान पाजळले, तर ऐकणारा त्याच ग्रंथातील तारणाच्या गोष्टींवरही विश्वास ठेवणार नाही. १९५० साली पोप बारावे पायस यांनी मानवी देहाच्या उत्पत्तीसंबंधी उत्क्रांतीचा अभ्यास व चर्चा करण्यास मोकळीक दिली. आत्मा मात्र परमेश्वर थेट निर्माण करतो, ही शिकवण त्यांनी कायम ठेवली. १९९६ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी परमधर्मपीठाच्या विज्ञान अकादमीला पाठवलेल्या संदेशात उत्क्रांतीचा सिद्धान्त आता केवळ गृहीतक राहिलेला नाही, असे मान्य केले. आम्ही तेव्हा सेमिनरीत ईशज्ञान शिकत होतो. आमचे एक वृद्ध प्राध्यापक तो संदेश वर्गात घेऊन आले आणि म्हणाले, ‘‘मुलांनो, उद्या धर्मग्रामात जाल तेव्हा हा कागद हरवू नका.’’ आज तो कागद शोधून काढण्याची वेळ आली. २०१४ साली पोप फ्रान्सिस यांनीही त्याच अकादमीपुढे सांगितले की, उत्क्रांती आणि निर्मिती या कल्पनांत विरोध नाही. जे पत्रक आमच्या विद्यार्थिनीला ‘उत्क्रांती मानशील तर ख्रिस्ती नाहीस’ असे सांगते, ते ख्रिस्तसभेहून अधिक ख्रिस्ती होऊ पाहते.

आणि हा प्रश्न केवळ आमच्या फाटकापुरता नाही. २०२३ साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गाळला गेला, तेव्हा देशातील अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक व नागरिकांनी निषेधाचे पत्र काढले. दहावीनंतर विज्ञान सोडणाऱ्या मुलाला मग हा विषय कधीच भेटणार नाही. अशा वेळी आपण निदान आपल्या मुलांच्या पाठीशी उभे राहायचे की पत्रके वाटायची?

तिसऱ्या पायरीविषयी लिहिताना हात जड होतो. आमच्या धर्मग्रामातील एक माउली स्तनाच्या कर्करोगाने आजारी आहे. तिला कम्युनियन द्यायला गेलो असता तिच्या उशाखाली हेच पत्रक दिसले. शेजारच्या कोणी ते सद्हेतूनेच दिले होते. तिने आम्हांला विचारले, ‘‘फादर, माझं कुठलं पाप राहिलं असेल हो? मी तर सगळी कबुली दिली.’’ रासायनिक उपचारांनी गळून गेलेल्या त्या बाईला रात्र रात्र जागवणारे दुखणे आता एक नव्हते, दोन होते. दुसरे दुखणे आमच्या फाटकाशी फुकट वाटले गेले होते.

म्हणून हा विषय आम्हांला केवळ पांडित्याचा वाटत नाही. अनेक पेशींचा देह कसा झाला हे ज्याला समजले, त्याला कर्करोग काय आहे हेही समजते. एकेकाळी प्रत्येक पेशी स्वतःपुरती वाढत होती, विभागत होती. देह झाला तेव्हा बहुतेक पेशींच्या त्या वाढीवर लगाम आला. व्हॉल्व्हॉक्समध्ये असा लगाम घालणारे एक जनुक सापडले आहे. ते बिघडले की वल्हवणाऱ्या पेशी काम सोडून स्वतःच फुगू आणि विभागू लागतात आणि गोल बुडू लागतो. आमच्या देहात असे लगाम अनेक आहेत. त्यांपैकी पी-त्रेपन्न या नावाने ओळखले जाणारे जनुक मानवातील सुमारे निम्म्या कर्करोगांत बिघडलेले आढळते. माणसाच्या देहात सुमारे तीस लाख कोटी पेशी आहेत. त्यांतील कितीतरी पेशी आयुष्यभर विभागत असतात, आणि प्रत्येक विभागणीत नक्कल चुकण्याचा संभव असतो. हत्तीच्या जनुकसंचात या एका जनुकाच्या वीस प्रती असल्याचे २०१५ साली दाखवले गेले. प्रचंड देह असूनही हत्तीला कर्करोग कमी होतो, त्याचे हे एक कारण मानतात. हत्तीने काय अधिक पुण्य केले होते?

देह हा एका क्षणात घडवलेला निर्दोष पुतळा नाही. तो एक दीर्घ, जुना, कष्टाने जुळलेला संसार आहे. त्या संसारात लगाम आहेत आणि लगाम कधी तुटतातही. तंबाखूसारख्या गोष्टींनी धोका वाढतो हे खरे, आणि ते आम्ही मिस्सेत सांगतोही; पण सावधगिरीचा सल्ला वेगळा आणि पापाचा शिक्का वेगळा. प्रभू येशूच्या काळीही लोकांनी जन्मांधाकडे बोट दाखवून विचारले होते की पाप याचे की याच्या आईबापांचे. प्रभूने दोन्ही नाकारले. शिलोहाचा बुरूज पडून मेलेले लोक इतरांहून अधिक पापी होते, हेही त्याने नाकारले. तेव्हा रोग्याच्या उशाशी पापाचा हिशोब मांडणाऱ्याने विज्ञानच तेवढे डावलले असे समजू नये. त्याने शुभवर्तमानही डावलले आहे.

येथवर दुसऱ्यांना बोल लावला. आता स्वतःलाही लावला पाहिजे. एक देह आणि अनेक अवयव हा संत पौलाचा दृष्टान्त आम्ही वर्षानुवर्षे व्यासपीठावरून सांगत आलो. त्याला विज्ञानाची जोड द्यावी म्हणून आम्ही म्हणत असू की, पहा, देहातील पेशीसुद्धा इतरांसाठी मरतात! गर्भातील हाताची बोटे मोकळी होतात ती मधल्या पेशी मरतात म्हणून. सी. एलेगन्स नावाच्या चिमुकल्या कृमीच्या घडणीत १,०९० पेशी निर्माण होतात आणि त्यांतील १३१ ठरल्या वेळी मरतात. या मरणाच्या अभ्यासाशी निगडित संशोधनाला २००२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. दाखला खरा आहे. पण त्यातून आम्ही काढलेला बोध चुकीचा होता. पेशी निवड करीत नाही, म्हणून तिचे मरण म्हणजे त्याग नव्हे. शिवाय एका देहातील पेशी एकाच बीजपेशीच्या लेकी असतात. एक मेली तरी तिचाच वारसा दुसरीतून पुढे जातो. माणसांचे तसे नाही. घरातल्या सुनेने, थोरल्या बहिणीने, तळाच्या जातीतील मजुराने आपली पेशीची जागा ओळखून झिजावे, असा अर्थ जर आमच्या प्रवचनांतून कोणी घेतला असेल, तर ते प्रवचन आम्ही आज परत घेतो. या देशात समाजाला देहाची उपमा देऊन कोणाला मस्तक आणि कोणाला पाय ठरवण्याचे काम पूर्वी पुष्कळ झाले आहे. संत पौलाचा रोख नेमका उलट होता : जो अवयव दुर्बल दिसतो, त्याला अधिक मान द्यावा.

‘पेशी नुसत्या एकत्र आल्या की देह झाला, मग देव कशाला?’ असे म्हणणाऱ्या हुशार मंडळींनाही आमचे एवढेच सांगणे आहे. तुम्हीही पत्रककारांच्याच कोनाड्यात डोकावत आहात. तेथे देव सापडला नाही यात नवल काय? तो तेथे कधीच नव्हता.

आता आम्ही काय करणार ते सांगतो. पत्रक वाटणाऱ्यांना फाटकातून हाकलण्याचा आमचा विचार नाही. हाकलल्याने विचार जात नाही. येत्या महिन्यात एका रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर चर्चच्या सभागृहात ते पत्रक सर्वांसमोर मोठ्याने वाचले जाईल. वाटणाऱ्यांनी यावे आणि आपली बाजू मांडावी. शाळेतून सूक्ष्मदर्शक आणला जाईल, बावखलाचे पाणी आणले जाईल. ज्याला ‘कोणी पाहिले आहे काय’ असा प्रश्न आहे, त्याने एकटे आणि सोबतीने राहणारे जीव स्वतःच्या डोळ्यांनी पाहावेत. उत्तर द्यायला ती विद्यार्थिनी उभी राहील; आम्ही तिच्या शेजारी बसू. तिचा धर्मशिक्षणाचा वर्ग पूर्वीप्रमाणेच चालू राहील.

त्या माउलीच्या उशाखालचे पत्रक आम्ही तिच्या परवानगीने उचलून आणले आहे. ‘तुमचं काहीही पाप राहिलेलं नाही’ असे तिला सांगितले तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘एवढं मिस्सेत सगळ्यांसमोर सांगाल का, फादर?’’

म्हणून हे लिहिले. मिस्सेतही सांगू.